घोट्याचा वर्षावास

अहेरीहून येणारी एसटी वैनगंगेचा पूल ओलांडते आणि सावलीच्या दिशेला लागते, तेव्हा मी खिडकीची काच वर सरकवते. शेजारच्या माणसाच्या अंगावर शिंतोडे उडतात, तो कपाळाला आठ्या घालतो, मी दुर्लक्ष करते. बाहेर बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, तुडुंब असतात. चिखलणी नुकतीच झालेली, पऱ्ह्यांच्या म्हणजे रोपांच्या पेंढ्या धुऱ्याच्या बांधावर टाकलेल्या, आणि पाठीवर मेणकापड बांधलेल्या बायांची रांग कमरेत वाकून मागे मागे सरकत असते. भाताचं रोप लावताना माणूस पुढे जात नाही, मागे जातो. लावलेलं डोळ्यांसमोर राहतं आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. ते पायानं स्वतःच बघायचं असतं.

याच सुमाराला माझा उजवा घोटा बोलायला लागतो. थंडीत तो गप्प असतो, उन्हाळ्यात तर आहे की नाही हेही कळत नाही. आषाढ लागला की मात्र आतून कुरकुर सुरू. शाळेतल्या बाई विचारतात, "पाय दुखतो का मॅडम?" मी म्हणते, हो, दुखतो. त्यांना वाटतं आता पुढे काहीतरी मोठी कहाणी येणार, पण फळ्यावर अर्धवट राहिलेला भागाकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दुखणं मोठं करून सांगायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही. कहाणी आहे म्हणा, पण ती दुखण्याची कमी आणि एका पावसाळ्याची जास्त आहे.

त्या पावसाळ्याच्या चार वर्षं आधी, बारावीच्या उन्हाळ्यात, मी तेंदूपत्त्याच्या ट्रकमधून उडी मारली होती. पानं तोडायला जंगलात गेलेल्या सगळ्यांना संध्याकाळी ट्रक गावाच्या वेशीवर आणून सोडायचा, आणि फळी उघडायची वाट कोण बघतो. डोक्यावर पानांचा भारा, पायाखाली नेमका एक गोटा. घोटा आत वळला आणि कडकन आवाज आला. माझ्या मागून उडी मारणाऱ्या मुलीनंसुद्धा तो ऐकला. बाबांनी मला शेजारच्या गावच्या हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं बांबूच्या पट्ट्या बांधल्या, लेप लावला, दिवाळीच्या आत पोरगी पळेल म्हणून सांगितलं. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. हाड जुळलं आणि मी पळालेही. फक्त ते जरा तिरपं जुळलं होतं, आणि सांध्याच्या आत काय झालंय ते बाहेरून कुणालाच दिसण्यासारखं नव्हतं.

बाविसाव्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "वय बावीस आणि घोटा साठीचा." डॉक्टर मध्यमवयीन, आवाज हळू, बोलता बोलता हिंदीत शिरणारे. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. बैलगाडीचा आस वाकडा झाला की चाक एका बाजूनं घासत राहतं. माझंही तेच झालं होतं. सगळं वजन घोट्याच्या आतल्या बाजूवर पडत होतं आणि तिथलं गुळगुळीत अस्तर झिजून हाडाला हाड लागायला आलं होतं. आता दोन रस्ते होते. एक म्हणजे सांधा जाम करून टाकायचा, दोन हाडं कायमची एक करायची. दुखणं जवळजवळ संपतं, पण घोटा वाकत नाही. दुसरा रस्ता लांबचा. घोट्याच्या वर नडगीचं हाड कापून सरळ करायचं, बाहेरून लोखंडी कड्यांची फ्रेम लावायची, तिच्या तारा हाडातून आरपार न्यायच्या आणि सांध्याची दोन्ही तोंडं एकमेकांपासून किंचित दूर ओढून ठेवायची. तीन महिने घासणं बंद. तेवढ्या विसाव्यात सांधा स्वतःला थोडंफार सावरतो. सावरेलच अशी खात्री नाही.

"मंग पयलंच करा सायेब," बाबा म्हणाले. "एका खेपेत काम होऊन जाईल."

बाबा सावलीच्या राइस मिलमध्ये हमाली करायचे आणि उरलेल्या वेळात आमची दोन एकराची धानाची शेती. त्यांना एका खेपेत होणारी कामं आवडत. मला नुकतंच डी.एड. मिळालं होतं. शाळेत उभं राहायला न वाकणारा घोटा चालला असता, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

मी डॉक्टरांना विचारलं, "जाम केल्यावर रोवणा करता येईल का?"

"रोवणा म्हणजे नेमकं काय करता, दाखवा."

मी तिथंच, त्या पांढऱ्या फरशीवर, कमरेत वाकले. डाव्या हातात नसलेली पेंढी धरली, उजव्या हातानं नसलेलं रोप नसलेल्या चिखलात खोचलं, आणि मागे सरकले. टाच आधी उचलायची, बोटं खाली करायची, मग पाऊल चिखलातून सोडवून घ्यायचं आणि मागे टेकवायचं. बाबा खाली मान घालून बसले. त्यांना बहुतेक लाज वाटली. डॉक्टर माझ्या पायाकडे बघत होते. म्हणाले, "फिर से." मी पुन्हा केलं.

"हे होणार नाही," ते म्हणाले. "सपाट जमिनीवर चालाल, सायकल चालवाल, जिना चढाल. उकिडवं बसायला त्रास होईल. आणि हे तर नाहीच. पाय चिखलात खुंट्यासारखा अडकेल." मग एक्स-रे पाकिटात घालत, "जाम केव्हाही करता येतो. एकदा केलेला मोकळा करता येत नाही."

परतताना एसटी मूलला थांबली. स्टँडवर बाबांनी दोन चहा आणले, माझा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुया पाय हाये. तूच ठरव." त्यांच्या तोंडून इतकं मोठं भाषण मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

ठरवायला मला वेळ लागला नाही. कारण सांगते. आमच्याकडे रोवणा टोळीनं होतो. आज तुझ्या बांधीत, उद्या माझ्या. ज्या घरची बाई रांगेत उभी, त्या घरचा रोवणा टोळीचा. आईला दमा होता, वाकलं की तिची धाप सुरू व्हायची, म्हणून पंधराव्या वर्षापासून आमच्या घरची बाई म्हणजे मी होते. आणि मी चांगली होते. उगाच लाजायचं कशाला. शाळेत मी बेताची, गळा बेताचा, रंगरूपाचं तर बोलायलाच नको. पण रोवण्याच्या रांगेत माझा हात असा चालायचा की टोळीची म्होरकी पारबताबाई मला मुद्दाम तिच्या बाजूला उभं करायची. पारबताबाई ढिवराच्या घरची, नवरा तलावात मासे धरणारा, आणि ती उभ्या गावाच्या बायांना धाकात ठेवणारी. तिनं कुणाची स्तुती केल्याचं ऐकिवात नाही. "हिच्या हातानं लावलेला परा हालत नाई," एवढंच ती एकदा माझ्याबद्दल म्हणाली होती, तेही दुसऱ्या कुणाला तरी. मला मास्तरीण व्हायचं होतंच. पण चिखल सोडायचा नव्हता. तो माझ्या मालकीचा होता, बाकी काही फारसं नव्हतं.

मृग लागता लागता ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा उजव्या पायाभोवती एक लोखंडी मनोरा उभा होता. कडी, सळ्या, नट आणि हाडातून गेलेल्या बारीक तारा. पहिले काही दिवस डॉक्टर स्वतः पान्यानं नट फिरवत, अगदी थोडं थोडं, आणि माझ्या तोंडाकडे बघत. सांधा उघडत होता. आतून कुणीतरी दार ढकलावं तसं वाटायचं. गावी आले तर सगळी पोरं बघायला. गल्लीत तेव्हा घराघरावर ॲल्युमिनियमचे अँटेना होते, त्यामुळं पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, याच्यात टीव्ही लागते का?" मी म्हणायची, लागतो, पण पाय पूर्वेकडे करावा लागतो.

डॉक्टरांनी सुट्टी देताना सांगितलं होतं की चालायचं. वॉकर घेऊन, पायावर वजन टाकून, रोज सकाळ-संध्याकाळ. आई-बाबा दोघंही तिथं होते, दोघांनीही मान डोलावली होती. पण ऐकणं वेगळं आणि मानणं वेगळं. हाड कापलंय आणि त्यावर चालायचं, हे आमच्याकडच्या कुठल्या शहाण्या माणसाला पटलं असतं? मोडलेला पाय उशीवर ठेवायचा, हलवायचा नाही, हाड धरेपर्यंत माणसानं खाटेवरून उठायचं नाही, हे आमच्याकडं भात शिजवण्याइतकं सगळ्यांना ठाऊक असतं. आईला वाटलं डॉक्टर चालायचं म्हणाले ते नंतरचं, बरं झाल्यावरचं. बाबांनी मला जीपमधून उचलून सपरीतल्या, म्हणजे ओसरीवरच्या, खाटेवर ठेवलं. आईनं माझ्या चपला आढ्यावर टाकल्या. शेजारच्या बाया येऊन सांगून जायच्या, हालू नको वो बाई, जपून राह्य. कुणी वास्त्यांची म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी आणून दिली, कुणी सात्यांची म्हणजे रानातल्या अळंब्यांची, दोन्ही वर्षातून एकदाच मिळणाऱ्या. आई दिवसातून दोनदा गंजात पाणी उकळायची, ते निवलं की मीठ घालून तारांच्या तोंडाशी पुसून काढायची. इतक्या नेमानं तिनं देवळातल्या देवाचंही काही केलं नसतं, आमच्या घरात देव नव्हते हा भाग निराळा. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आषाढात झोपून होते. कौलांवरच्या पावसाचा आवाज मी त्याआधी कधी नीट ऐकला नव्हता. पाऊस पडत असताना मी कायम त्याच्या खालीच असायची.

तपासणीला नागपूरला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "किती चालता?"

आईनं उत्तर दिलं. तिच्या आवाजात अभिमान होता. "एक पाऊल टाकू देलं नाई सायेब. खाटेवरच सारं केलं तिचं."

डॉक्टरांनी नवा एक्स-रे खिडकीशी धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "बाई," ते आईला म्हणाले, "हाडाला वजन कळलं तरच ते भरतं. हिचं हाड अजून भरायला लागलेलंच नाही. आणि सांध्याच्या आत जे पाणी असतं ते चालण्यानं हलतं, त्याच्यावर सांधा जगतो. ही झोपून राहिली तर आम्ही केलेलं सगळं फुकट." मग माझ्याकडे वळून, "पुढच्या खेपेलाही असंच दिसलं तर फ्रेम काढू आणि घोटा जाम करू. दुसरा इलाज उरणार नाही."

बाहेरच्या बाकावर आई बसली आणि पदरात तोंड घालून रडली. "मी तुयं भलंच करून राह्यली होती वो पोरी," म्हणाली. मला तिचा फार राग आला होता. डॉक्टरांचं ऐकायचं सोडून बायांचं ऐकलं म्हणून, माझ्या चपला लपवल्या म्हणून, इतक्या प्रेमानं सगळं केलं म्हणूनही. आणि त्याच वेळी तिचे हात दिसत होते, गरम पाण्यानं पोळलेले, बोटांची सालं निघालेले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, कारण तिला धाप लागली होती.

आता चालायचं ठरलं, पण चालायचं कुठं? आषाढात आमच्या गावात रस्ता आणि बांधी यांत फरक एवढाच की रस्त्यावर कुणी धान लावत नाही. तारांना चिखल लागला की पू झालाच समजा. घरातली जमीन शेणानं सारवलेली, तीही ओलसर. गावात सिमेंटची कोरडी, सपाट, छपराखालची जागा एकच होती, आणि ती म्हणजे आमच्या विहाराची पडवी.

विहारात तेव्हा वर्षावास सुरू झाला होता. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत. जुन्या काळी भिक्खू गावोगाव फिरत, पण पावसाळ्याचे तीन महिने फिरणं थांबवून एका जागी राहत, त्याची ही आठवण. आमच्या गावात भिक्खू नव्हते. निवृत्त शिक्षक असलेले गुरुजी होते. ते रोज संध्याकाळी ग्रंथवाचन करायचे आणि वस्तीतली माणसं पांढरे कपडे घालून ऐकायला बसायची. म्हणजे ज्या तीन महिन्यांत चालणं थांबवायचं, नेमके तेच तीन महिने मला चालायला मिळाले होते. बाबांनी जुन्या टायरचा तुकडा कापून फ्रेमच्या खाली बांधण्यासारखा तळवा केला. मला उचलून न्यायचं कामही त्यांचंच. सकाळी मिलवर जाण्याआधी मला पाठुंगळी घेऊन चिखल तुडवत विहारात न्यायचे, आणि संध्याकाळी वाचन संपलं की तसंच घरी आणायचे.

पहिल्या दिवशी पायावर वजन टाकलं तेव्हा तारा मांसात ताणल्या गेल्या आणि डोळ्यांसमोर काळं झालं. वॉकर धरून मी उभी राहिले. पुढचं पाऊल टाकलं. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. त्या दुखण्याचं वर्णन करण्यात मला रस नाही, ज्याला कधी दुखलंय त्याला ते कळेल आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. एक तार मध्येच बिघडली, भोवतीचं मांस लाल झालं, आई दिवसभर घाबरून होती. गोळ्या घेतल्या, बसलं. मी चालत राहिले.

संध्याकाळचा प्रश्न होता. आत गुरुजी वाचायचे आणि बाहेर पडवीत माझा वॉकर ठक, टायर धप, वॉकर ठक, टायर धप. चौथ्या-पाचव्या दिवशी पुढच्या ओळीत बसणारे एक म्हातारे काका उठून दारात आले. "वर्षावासात चालणं बंद ठेवायचं असते," ते आतल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ही पोरगी उलटंच करून राह्यली. आणि वरतून विहारात टायर घालून."

गुरुजींनी बोट पानावर ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला. "चालणं बंद भिक्खूंसाठी हाये, काका. घोट्यासाठी नाई. आणि तो टायर तिच्या पायाचाच भाग समजायचा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू चाल. मी जरा जोरात वाचतो." त्या दिवसापासून गुरुजींचा आवाज वाढला आणि वाचायची गती कमी झाली. पुढे पुढे तर असं व्हायला लागलं की माझं पाऊल पडलं की त्यांचा शब्द पडायचा. आपण काय ऐकतोय याकडे माझं लक्ष नसायचं, पण त्या आवाजाला धरून मी पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. आजही कुणी मोठ्यानं वाचत असलं की माझा उजवा पाय आपोआप सावरून बसतो.

पडवीतून समोरच्या बांध्या दिसायच्या. रोवण्याचे दिवस भरात होते. टोळी कधी या तुकड्यात, कधी त्या तुकड्यात. बायांची गाणी वाऱ्यावर अर्धीमुर्धी यायची. चिखलाचा वास मात्र पुरा यायचा, त्याला कुणाची अडवणूक नव्हती. मला ओळखू यायचं, रांगेत पारबताबाई कुठे आहे आणि तिच्या बाजूची जागा कुणी घेतलीय ते. पाटलाच्या सुनेनं घेतली होती. तिची ओळ वाकडी जात होती. मला ते पाहून बरं वाटलं.

एका दुपारी पारबताबाई विहाराच्या पायऱ्यांशी येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर मेणकापड, तोंडात पान. पाय घाण म्हणून वर आली नाही. खालूनच माझ्याकडे बघत राहिली.

"कायले थांबली? चाल," ती म्हणाली.

मी चालून दाखवलं. ती बैल विकत घेताना बघतात तशी माझी पावलं बघत होती.

"आज तुमची बांधी झाली," मग ती म्हणाली.

मला कळेना. आमच्या घरचं कुणीच रांगेत नव्हतं. टोळीच्या हिशेबानं आमची बांधी तशीच राहायला हवी होती, नाहीतर बाबांनी मजूर लावायला हवे होते. "आमच्यातलं तर कोणीच आलं नाही, बाई," मी म्हटलं.

"माहीत हाये. तुयावर बाकी हाये ते. पुढच्या साली रांगेत उभी राहून भरून दे." ती वळली आणि पुन्हा थांबली. "त्या डाक्टरले सांगजो, मले चिखलात चालणारी पाहिजे. फरशीवर चालणाऱ्या लय हायेत."

गावातल्या सगळ्यांनी माझी कीव केली होती. गोड बोलून, भाज्या आणून, हालू नको म्हणून. पारबताबाईनं माझ्यावर काम बाकी ठेवलं. त्या दिवशी मी पडवीत नेहमीपेक्षा जास्त वेळ चालले आणि संध्याकाळी बाबा न्यायला आले तेव्हा मला पाठुंगळी चढवत नव्हतं. मी खूश होते. असं स्पष्ट सांगायला हरकत नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला आणि या वेळी लवकर खाली ठेवला. हाड भरायला लागलं होतं. भाद्रपद उतरता उतरता फ्रेम निघाली. खाली जो पाय निघाला तो कुणाचा होता कोण जाणे. काडीसारखा, पांढराफटक, तारांच्या छिद्रांचे डाग असलेला. डॉक्टरांनी तळहातानं पाऊल वर ढकललं, मग खाली ओढलं. घोटा वाकला. थोडासाच, पण वाकला. "आता हा तुमच्या ताब्यात," ते म्हणाले. "किती वर्षं चालेल, मला विचारू नका." मी विचारलं नाही.

उरलेलं वर्ष मी त्या घोट्याच्या मागे लागले. उंबरठ्यावर बोटं टेकवून टाच खाली सोडायची. पंचा पावलाला अडकवून ओढायचा. नदीच्या वाळूत अनवाणी चालायचं, कारण वाळू चिखलाची धाकटी बहीण. हिवाळ्यात धान कापून झालं, उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचली, मग मी शाळेच्या नोकरीच्या मुलाखतीला गेले. लोक विचारायचे, बरं वाटतं का? मी म्हणायची, आषाढात सांगते.

आता हा घोटा पुन्हा कुरकुरतोय. गेल्या वर्षी नव्या डॉक्टरांनी पाहिला. ते म्हणाले, कधी ना कधी जाम करावाच लागेल, पण इतकी वर्षं टिकला हेच पुष्कळ. मी म्हटलं, करू. घाई कसली. रोज शाळेत उभी राहते, मुलांच्या मागे मैदानात धावते, आणि आषाढात सुट्टी टाकून गावी येते. सुट्टीच्या अर्जात मी काय कारण लिहिते ते हेडमास्तरांनी कधी विचारलं नाही. आपलं काय जायचं राहिलं आहे आणि काय मिळून गेलं आहे याचा मेळ घालत बसायचा माझा स्वभाव नाही. पण एसटीच्या खिडकीतून मागे सरकणारी रांग दिसली की एक दुपार हटकून आठवते.

फ्रेम निघाल्याच्या पुढच्या आषाढातली ती दुपार. पारबताबाईची बांधी होती. नोकरीचा कागद अजून यायचा होता. मी परकर खोचला आणि धुऱ्यावर उभी राहिले. आई मागोमाग आली होती. तिला म्हटलं होतं, घरी थांब, ओल्यात तुला धाप लागते. तिनं ऐकलं नाही. ती धुऱ्यावर पोतं अंथरून बसली, डोक्यावर दुसरं पोतं.

मी आधी डावा पाय सोडला, मग उजवा. चिखल गार होता आणि वरच्या थराखाली ऊबदार. पोटरीपर्यंत आत गेले. तारांच्या डागांवरून चिखल वर चढला, त्यांना काही झालं नाही. पारबताबाईनं बघितलंसुद्धा नाही, फक्त स्वतःच्या बाजूला थोडी जागा केली. मी वाकले. रोप खोचलं. दुसरं खोचलं. मग मागे सरकायची वेळ आली. डावा पाय गेला. उजवा येईना. चिखलानं घोटा धरला होता, टाच उठत नव्हती. मी जोर केला, उठली नाही. मला डॉक्टरांचा शब्द आठवला, खुंटा. माझ्या दोन्ही बाजूच्या बाया मागे निघून गेल्या होत्या आणि मी रांगेच्या पुढे एकटीच उरले होते. मी ओढणं थांबवलं. पडवीत शिकले होते तसं वजन हळूच बोटांवर नेलं. घोटा आत कुठेतरी कुरकुरला, मग वाकला. टाच सुटली. पाऊल फचकन बाहेर आलं आणि मी ते मागे टेकवलं.

कुणी वाहवा केली नाही. बायांची गाणी चालूच होती. मला वाटलं आता कुणीतरी म्हणेल, राहू दे पोरी, बस धुऱ्यावर, झालं तेवढं पुष्कळ. मी त्याची वाटच बघत होते, आणि कुणी तसं म्हटलं असतं तर मी बाहेर येऊन बसले असते, हेही खरं.

"सुजे," पारबताबाई मान वर न करता म्हणाली, "तुयी ओळ मागं पडून राह्यली. सारी रांग वाकडी होते. हात चालव."

मी हात चालवला. पाय पुन्हा अडकला, पुन्हा सुटला. पारबताबाई पुन्हा बोलली, या वेळी जरा तिखट. मी धुऱ्याकडे पाहिलं. गेल्या आषाढात जिनं मला एक पाऊल टाकू दिलं नव्हतं, आणि नंतर प्रत्येक पावलाला जिचा जीव गोळा व्हायचा, ती माझी आई पोत्याखालून आमच्याकडे बघत होती. आता ही भांडणार असं मला वाटलं.

आईनं धाप आवरली आणि म्हणाली, "बोला तिले, पारबताबाई. अजून बोला."